मोटारीच्या दाराचे गोठलेले कुलूप : कारणमीमांसा व उपाय

बीजसंज्ञा : हिमकण, प्रारणजन्य शीतन, अप्रकट उष्णता, गोठणबिंदूतील अवनती, शुष्क वंगण.

प्रस्तावना

मिरजगावसारख्या अवर्षणप्रवण भागातील वाचकास 'मोटारीचे कुलूप गोठले' हे वाक्य काहीसे विनोदी वाटण्याची शक्यता आहे. कर्जत तालुक्यातील हिवाळा शेकोटी पेटविण्याइतपत बोचरा असतो, पण पाणी गोठविण्याइतका नसतो. पुण्याच्या वेधशाळेत नोंदले गेलेले आजवरचे नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे आणि ते १७ जानेवारी १९३५ रोजीचे आहे. यावरून पठारी महाराष्ट्रातील थंडीची मर्यादा ध्यानी यावी. तथापि या भागातील माणसे आता याच भागात राहतात असे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अनेक तरुण सैन्यदलात आहेत आणि त्यांपैकी कित्येकांचे हिवाळे लडाखमध्ये जातात. लेह येथे जानेवारीच्या रात्री पारा उणे १० ते उणे २० अंशांच्या दरम्यान असणे ही नित्याची बाब होय. द्रासमध्ये तो याहूनही खाली उतरतो. दुसरीकडे, शिक्षण व नोकरीनिमित्त अमेरिका आणि कॅनडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या मंडळांची शिखरसंस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालापासून कार्यरत आहे. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागो येथे तापमान उणे ३० अंशांपर्यंत घसरले होते. अशा सकाळी वाहनतळावर उभ्या असलेल्या मनुष्यास किल्ली कुलपात शिरत नाही असे आढळले, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. वारा असल्यास अशा थंडीत उघड्या त्वचेस अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो.

प्रस्तुत लेखात कुलूप का गोठते, ते वितळविण्यास प्रत्यक्षात किती उष्णता लागते आणि प्रचलित उपायांपैकी कोणते शास्त्रसंमत आहेत व कोणते घातक, याची चर्चा केली आहे. विषय क्षुल्लक भासला तरी पदवी वर्गात शिकविल्या जाणाऱ्या उष्मागतिकीची निम्मी प्रकरणे त्यात सामावलेली आहेत.

वेण्णा तलावावरील हिमकण

महाराष्ट्रात मोटारीवर बर्फ साठतच नाही असेही म्हणता येत नाही. सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात. गवतावर, बोटींच्या धक्क्यावर आणि उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारींच्या टपांवर पांढरा थर आढळतो आणि वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातील डाब येथेही असेच दव गोठल्याच्या वार्ता येतात. यातील विशेष असा की, त्याच रात्री वेधशाळेच्या तापमापकाने नोंदविलेले तापमान बहुधा शून्याच्या बरेच वर असते. हवा गोठणबिंदूच्या वर असताना पाणी गोठावे, हे कसे?

याचे उत्तर प्रारणात आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचे तापमान मोजतो. गवताचे पाते किंवा मोटारीचा पत्रा मात्र थेट निरभ्र आकाशासमोर उघडा असतो. असा पृष्ठभाग रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता गमावतो आणि कोरड्या, निरभ्र आकाशाकडून त्यास परत फारच थोडी मिळते. ढग असते तर त्यांनी ही उष्णता बऱ्याच अंशी परत पाठविली असती. मोटारीचा टप पातळ असतो, त्याच्या आतील बाजूस अस्तर असल्याने खालूनही उष्णता पोहोचत नाही. परिणामी त्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी खाली जाते. त्यात वेण्णा तलावाचा परिसर सखल, म्हणून जड थंड हवा तेथे उतरून साचते. आणि पाणी लगत असल्याने बाष्पही मुबलक. 'गाडी आडोशाला लावा' या जुन्या सल्ल्यामागे हेच तत्त्व आहे. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली उभ्या केलेल्या मोटारीस आकाश 'दिसत' नाही, म्हणून तीवर हिमकण धरत नाहीत.

निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार थंडीच्या लाटेत पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करतात व बागांना पाणी देतात, त्यामागील हेतूही पृष्ठभागाची उष्णता टिकविण्याचाच असतो. पाण्याची उष्णताधारकता मोठी आहे आणि गोठताना ते उलट उष्णता बाहेर टाकते. या अप्रकट उष्णतेचा विचार पुढे कुलपाच्या संदर्भात पुन्हा करावा लागणार आहे, फक्त तेथे ती अडचणीची ठरते.

कुलपाच्या आत

मोटारीच्या दारास सामान्यतः पातळ चकत्यांचे कुलूप असते. त्याचा गाभा म्हणजे एक लहान दंडगोल. तो बाहेरील कवचात फिरतो. गाभ्यात ओळीने पितळी चकत्या बसविलेल्या असून प्रत्येक चकती बारीक स्प्रिंगने ढकललेली असते. किल्ली नसताना चकत्यांची टोके कवचातील खाचेत अडकून राहतात व गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की तिच्या दात्यांमुळे सर्व चकत्या एकाच पातळीत येतात आणि गाभा मोकळा होतो. पुढे त्याची गती एका दांड्यामार्फत दाराच्या कडेतील खिट्टीपर्यंत पोहोचते.

या भागांमधील फटी मिलिमीटरच्या दशांशाहूनही लहान असतात. अशा फटीत पाण्याचा एखादा थेंब शिरून गोठला, तर चकत्या जागीच चिकटतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, त्यामुळे बर्फ फटीत नुसता बसत नाही, आवळून बसतो. स्प्रिंगेची ताकद किती ती असणार? तो बर्फ तिला तुटत नाही.

पाणी आत जाण्याचे मार्ग अनेक आहेत. पावसानंतर एकाएकी थंडी पडणे हा एक. उत्तर अमेरिकेत तर पडतापडताच गोठणारा पाऊस होतो. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या ऑन्टॅरिओ व क्वेबेक प्रांतांत अशा पावसाने विजेचे मनोरे कोसळले होते, तेथे मोटारीची काय कथा. हिवाळ्यात मोटार धुणे हा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग सहसा लक्षात येत नाही, तो म्हणजे मोटारीतील प्रवाशांचा श्वास. २० अंश तापमानाच्या हवेत एका घनमीटरमागे कमाल १७ ग्रॅम बाष्प सामावते, तर उणे १० अंशांस केवळ दोन-अडीच ग्रॅम. मोटारीच्या आत तीन घनमीटर हवा आणि निम्मी आर्द्रता धरली, तर रात्री ती थंड होताना पंधरा ते वीस ग्रॅम पाणी काचांवर, रबरी पट्ट्यांवर व दाराच्या पोकळीत जमा होऊ शकते. म्हणून थंड प्रदेशातील जाणते चालक मोटार बंद केल्यावर क्षणभर सर्व दारे उघडतात व आतील दमट हवा जाऊ देतात. उपाय फुकटचा आहे, आणि कदाचित म्हणूनच फारसा पाळला जात नाही.

उष्णतेचा हिशेब

उपायांकडे वळण्यापूर्वी थोडे गणित उपयुक्त ठरेल. कुलपात अर्धा ग्रॅम बर्फ आहे आणि तापमान उणे १० अंश आहे असे समजू. हा बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे १० ज्यूल उष्णता पुरते. पण शून्य अंशाच्या बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करण्यासाठी ग्रॅममागे ३३४ ज्यूल, म्हणजे जुन्या परिभाषेत ८० कॅलरी, लागतात. हीच ती अप्रकट उष्णता. अर्ध्या ग्रॅमसाठी ती १६७ ज्यूल होते. आता कुलपाचा धातू. गाभा व कवच मिळून जस्ताच्या मिश्रधातूचे वजन १०० ग्रॅम मानले, तर ते उणे १० वरून शून्यावर आणण्यास जवळपास ३९० ज्यूल लागतील. एकूण बेरीज ५६७ ज्यूल.

किल्ली तापवून कुलपात घालणे हा सर्वत्र ऐकू येणारा उपाय आहे. किल्लीचे पितळी पाते १० ग्रॅमचे आणि ते ६० अंशांपर्यंत तापविले असे धरू. शून्यापर्यंत थंड होताना ते सुमारे २२८ ज्यूल देईल. म्हणजे कोणताही अपव्यय झाला नाही असे मानले तरी तीन वेळा किल्ली तापवावी लागेल. प्रत्यक्षात कुलूप दाराच्या पत्र्यास जोडलेले असते आणि हा पत्रा उष्णता सतत ओढून घेतो. उलटपक्षी, सगळे कुलूप तापविण्याची गरजही नसते. किल्लीलगतचा बर्फ सुटला तरी काम भागते. त्यामुळे तीन-चार खेपांत यश येते असा जो अनुभव आहे तो या गणिताशी जुळतो. पहिल्याच खेपेस किल्ली फिरत नाही म्हणून जोर लावणारे लोक नेमके येथे चुकतात. थंडीने आखडलेल्या कुलपात बळाने फिरविलेली किल्ली तुटते, तुटके पाते आत राहते आणि मग बर्फ वितळूनही दार उघडत नाही.

याच गणिताचा दुसरा निष्कर्ष असा की, उष्णता देण्यापेक्षा बर्फाचा गोठणबिंदूच खाली आणणे अधिक किफायतशीर आहे.

उपाययोजना

सर्वप्रथम नेमके काय गोठले आहे हे ओळखावे. किल्ली आत शिरतच नसेल किंवा शिरून फिरत नसेल, तर गाभा गोठला आहे. किल्ली फिरते पण खिट्टी सुटल्याचा आवाज येत नाही, तर दोष दाराच्या आतील दांड्यात वा खिट्टीत आहे. खिट्टी सुटली, मुठीस हिसका दिल्यावर दार किंचित लवते, पण उघडत नाही, असे असेल तर कुलूप निर्दोष असून दाराभोवतालची रबरी पट्टी चौकटीस चिकटली आहे. या शेवटच्या स्थितीत बहुसंख्य लोक कुलपावरच मेहनत घेत बसतात. तेथे मूठ ओढण्याऐवजी दारावर तळहाताने वा खांद्याने आत दाबावे. त्याने रबरावरील बर्फ चुरतो व दार सुटते. नुसते ओढल्यास पट्टी फाटते, क्वचित मूठही हातात येते.

गाभा गोठला असल्यास अल्कोहोल हा सर्वोत्तम उपाय होय. शुद्ध इथाइल अल्कोहोल उणे ११४ अंशांस व आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ अंशांस गोठते. पाण्यात मिसळल्यावर ते त्या मिश्रणाचाही गोठणबिंदू खाली आणते. बाजारातील कुलूप वितळविण्याच्या द्रव्यांत मुख्यत्वे हेच असते. २०२० सालापासून घरोघरी आलेले हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य साधारण ७० टक्के अल्कोहोलचे असते व ते या कामी चालते. घट्ट जेलपेक्षा पातळ द्रव बरा. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने ते थेट छिद्रात सोडावे, मिनिटभर थांबावे, किल्ली हळुवार आत-बाहेर करावी व गरजेप्रमाणे पुन्हा सोडावे. बर्फ वितळत जातो तसे अल्कोहोल पातळ होत जाते, म्हणून एकदाच भरपूर सोडण्यापेक्षा थोडेथोडे दोन-तीनदा सोडणे हितावह. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. ते वापरल्यानंतर त्याच कुलपाजवळ काडी ओढू नये हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु घाईच्या वेळी माणूस दोन्ही उपाय एकामागून एक करून पाहतो.

अल्कोहोल नसल्यास गरम पाण्याची रबरी पिशवी कुलपावर व मुठीवर काही मिनिटे धरावी. पिशवीत अर्धा लिटर पाणी असले, तरी तिच्याजवळ किल्लीच्या कित्येक पट उष्णता असते आणि कुलपात नवे पाणी जात नाही. वीज उपलब्ध असेल तेथे केस वाळविण्याचे यंत्रही उपयोगी पडते. काहीच हाताशी नसेल, तर अन्य दारे व मागील झाकण तपासावे. उन्हाकडील किंवा वाऱ्याआडचे दार बहुधा आधी सुटते. अनेकदा चालक आपल्या बाजूच्या दाराशी अर्धा तास झगडतो आणि पलीकडचे दार उघडेच असते.

टाळावयाच्या गोष्टी

उकळते पाणी ओतणे हा सर्वांत लोकप्रिय व सर्वांत घातक उपाय आहे. कुलूप क्षणभर सुटते हे खरे. पण तेच पाणी गाभ्यात, दाराच्या पोकळीत आणि रबरावर पसरते व काही मिनिटांत पुन्हा गोठते. आदल्या दिवशी अर्धा ग्रॅम बर्फ होता तेथे दुसऱ्या दिवशी कितीतरी अधिक असतो. शिवाय गोठलेल्या काचेवर गरम पाणी पडल्यास तिच्या बाह्य व आतील स्तरांच्या प्रसरणात तफावत पडून ती तडकू शकते.

छिद्रात फुंकर घालणे निरुपद्रवी वाटते; परंतु उच्छ्वास बाष्पसंपृक्त असतो, त्यातील बाष्प थंड धातूवर गोठते. ओठ किंवा ओले बोट धातूस लावल्यास ते तेथेच चिकटते, कारण धातू त्यावरील ओलावा तत्काळ गोठवितो. मीठ टाकल्यास बर्फ वितळेल, पण क्षारयुक्त पाण्याने स्प्रिंग व चकत्या गंजतील. उणे २१ अंशांच्या खाली तर मिठाचाही उपयोग राहत नाही.

किल्ली ज्योतीवर तापविण्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. १९९० च्या दशकापासून अनेक मोटारींच्या किल्लीच्या प्लॅस्टिक मुठीत इंजिन सुरू होण्यास परवानगी देणारी सूक्ष्म चकती बसविलेली असते. ती उष्णतेने निकामी झाली तर दार उघडूनही मोटार सुरू होत नाही. अशा किल्लीचे केवळ पाते गरम पाण्याच्या पेल्यात धरून, पूर्ण पुसून मग वापरावे.

दूरनियंत्रित कुलपांचा प्रश्न

आता किल्लीचे छिद्रच नाहीसे होत असल्याने ही चर्चा कालबाह्य ठरते, असा आक्षेप घेता येईल. वस्तुस्थिती निराळी आहे. दूरनियंत्रकाने उघडणाऱ्या बहुतेक मोटारींत आणीबाणीसाठी एक छिद्र असतेच, बहुधा मुठीच्या टोपणाखाली दडविलेले. वर्षानुवर्षे न वापरल्याने त्यात ना वंगण पोहोचते ना किल्ली. थंडीत शिसे-आम्ल विद्युतघटाची क्षमता झपाट्याने घटते. उणे १८ अंशांच्या आसपास ती सुमारे निम्म्यावर येते. दूरनियंत्रकातील चपटा घटही दुर्बळ होतो. म्हणजे ज्या सकाळी विद्युत्‌कुलूप दगा देण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच सकाळी ते दुर्लक्षित छिद्र एकमेव मार्ग उरते, आणि तेही गोठलेले असते. वर्षातून दोनदा मुद्दाम किल्लीने दार उघडण्याची सवय यावरील तोडगा आहे.

दार उघडल्यानंतर काच साफ होईपर्यंत इंजिन चालू ठेवून आत बसण्याची प्रथा आहे. बर्फ साठलेल्या ठिकाणी तत्पूर्वी धुराची नळी मोकळी आहे ना हे पाहणे अत्यावश्यक ठरते. ती बर्फाने बुजल्यास कार्बन मोनॉक्साइड मोटारीत शिरतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि त्याने बंद मोटारीत मृत्यू ओढवतात. कुलपाने माणसास बाहेर अडवून ठेवले तर तो निदान जागा असतो.

लडाखमधील वाहने व नगरचा संबंध

अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनविषयक प्रयोगशाळा आहे, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ सालापासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. अतिथंडीत वाहन कसे वागते हा प्रश्न या शहरास परका नाही. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीत नेले गेले, तो प्रसंग चिलखती दलाच्या इतिहासात मानाचा मानला जातो. तेथे कुलपाहून इंधनाचा प्रश्न मोठा असतो. साध्या डिझेलमधील मेण थंडीत थिजून गाळणी तुंबते. यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे विशेष डिझेल उपलब्ध केले. ओला हातब्रेक रात्री लावून ठेवल्यास तोही गोठतो, म्हणून तेथील चालक मोटार गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतात. घाटात ट्रक थांबवून चाकाखाली दगड सारणाऱ्या मराठी चालकास ही युक्ती नव्याने शिकविण्याची गरज नाही.

थिजलेले खोबरेल आणि शिसपेन्सिल

पाणी गोठत नसले तरी मिरजगाव परिसरातही कुलपे हिवाळ्यात आखडतात, आणि त्याचे कारण बहुधा घरातीलच बाटलीत असते. कुलूप जड झाले की हाताशी असलेले खोबरेल तेल त्यात सोडण्याची सवय सर्वत्र आहे. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते. डिसेंबरच्या सकाळी न्हाणीघरातील बाटली उन्हात ठेवावी लागते हे प्रत्येक घरास ठाऊक आहे, पण तेच तेल कुलपात थिजले असेल हे सहसा ध्यानात येत नाही. चकत्यांच्या दृष्टीने थिजलेले तेल व गोठलेले पाणी यांत फरक केवळ कठीणपणाचा. तशात या पट्ट्यातील धूळ तेलावर चिकटते, तिचे कीट बनते, आणि उन्हाळ्यात तेल वितळले तरी कीट तसेच राहते. नगर-सोलापूर रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या वाहनांची कुलपे याची साक्ष देतील.

त्यामुळे थंड प्रदेशासाठी सांगितले जाणारे वंगण येथेही तितकेच उपयुक्त आहे. ग्रॅफाइटची कोरडी पूड गोठत नाही, थिजत नाही आणि धुळीस धरून ठेवत नाही. तिचे थर परस्परांवरून सहज घसरतात. हिवाळा लागण्यापूर्वी ती कुलपात फुंकावी व किल्ली अनेकदा आत-बाहेर करावी. आधी तेल सोडलेले असेल, तर प्रथम अल्कोहोलने कुलूप धुऊन पूर्ण वाळू द्यावे, अन्यथा तेल व पूड मिळून लगदा होतो. दाराच्या रबरी पट्ट्यांस ग्लिसरीनचा पातळ हात द्यावा. ते औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते व रबरास अपाय करीत नाही. ग्रॅफाइटची पूड न मिळाल्यास मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंवर व दात्यांवर दाट घासावी, किल्ली कुलपात घालून फिरवावी, बाहेर काढून पुसावी आणि पुन्हा घासावी. पाच-सहा वेळा असे केल्यास कुलूप मोकळे होते.